जनरलचा कोट मी शिवला नाही

माझं शिक्षण मराठी चौथी. तेवढ्यावर हे लिहितोय, तर चुका निघतील. निघू देत. माझ्या शिवणीत चूक काढून दाखवा, मग बोलू.

वडील देवळालीच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे युनिफॉर्म शिवायचे. त्यांच्या हाताखाली मी कोटाला बसलो. एकोणीसशे साठच्या सुमारास साउथहॅम्प्टनला बोटीतून उतरलो तेव्हा माझ्यापाशी एक कात्री आणि एका जुन्या मेजरची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर लष्करी शिंप्याच्या दुकानात काम मिळालं. दुकान होतं त्या आतल्या गावात लष्करी ऑफिसर घडवायचं कॉलेज होतं, म्हणून दुकानाला कामाची ददात नव्हती.

अशा दुकानात कोटवाला आणि पँटवाला एक नसतात. कोटवाले वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीशी, उजेडात. पँटवाले तळघरात, बॉयलरच्या शेजारी. कोट शिवतो तो कारागीर, पँट शिवतो तो नुसता कामकरी. मला पहिल्या दिवसापासून मालकाने वर बसवलं. मालक स्वतः कटर, म्हणजे कापड बेतून कापणारा, बोलायला महाकंजूष. एकदा माझी कॉलर अंगठ्याने उलटून पाहिली आणि म्हणाला, "हं." एवढंच. पण ते "हं" घेऊन मी घरी चालत गेलो, बस सोडून.

माझ्या दुसऱ्या वर्षी कॉलेजातला तो पोरगा कोटाचं माप द्यायला आला. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा, नुकताच स्वतंत्र झालेला. त्याच्या तुकडीत तो एकटा काळा, आमच्या दुकानात मी एकटा. मला वाटलं, हा आपला. मी त्याला वर खिडकीशी चहा दिला. तोही बसून बोलायचा, इथल्या भाज्यांना चव कशी नाही यावर आमचं एकमत होतं.

आता मापाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. टेप छातीभोवती गेला की ही कॅडेट पोरं श्वास कोंडून पोट आत ओढतात. त्या मापाने कोट बेतला तर तो फक्त आरशापुढे बसतो. वडिलांची युक्ती होती, माप घेताना विचारायचं, "आई घरी काय रांधते?" पोरगं सांगायला लागलं की श्वास सुटतो, मग आकडा वाचायचा. मी त्यालाही विचारलं. तो हसला.

"तू काय करतोयस ते कळतंय मला. टेप आवळ."

"साहेब, तलवार उचलताना काखेत मुंढा फाटेल."

"अजून आवळ. फाटला तर माझा."

मी आवळला. ही माझी चूक, ती मी कबूल करतो. तिथे टेप टाकून द्यायला हवा होता.

पदवीच्या परेडला तलवार वर गेली आणि काखेपासून पाठीपर्यंत शिवण उसवली. पांढरं अस्तर बाहेर. बड्या पाहुण्यांच्या समोर. दुसऱ्या दिवशी तो आपल्या इन्स्ट्रक्टरला घेऊन दुकानात आला. मालकाने विचारलं, "सैल ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण याला इंच नीट कळत नाहीत. यांच्याकडे वितीने मोजतात."

मी खरं काय ते सांगितलं. मालकाने एकदा त्याच्या पट्ट्याच्या पितळेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सोमवारपासून खाली," म्हणाला.

पहिली अकरा वर्षं मी खाली होतो ती शिक्षा म्हणून. पगार कापला नाही, म्हणून बायकोला माझं दुखणं कळायचं नाही. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती.

"अहो, पँटही माणसंच घालतात ना?"

"तू गप्प बस."

"मी गप्पच असते. तुम्हीच झोपेत त्याला शिव्या देता."

देत असेन. जागेपणीही देत होतो. दुकान सोडून दुसरीकडे जा, असं पुष्कळांनी सुचवलं. मँचेस्टरला कारखान्यांत शिंपी हवेच होते. पण मी गेलो असतो तर वितीने मोजणारा पळाला असं झालं असतं. मला एकच हवं होतं. त्याने मालकासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं की कोट त्याने आवळायला लावला. बाकी त्याचं वाटोळं व्हावं असंही वाटायचं, पण ते नंतर.

एक दिवस बायकोने पेपर पुढे केला. "हा तुमचाच का हो?"

तोच. काळा चष्मा, जीपमध्ये उभा. पहाटे पलटण घेऊन रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं होतं, राष्ट्रपतीला घरात कोंडलं होतं आणि आता देश याचा. मी आधी कोट पाहिला. खांद्यावर झोळ होता. मला बरं वाटलं.

"काय बघताय?"

"शिलाई."

"देश घेतला त्याने, आणि तुम्ही शिलाई बघा."

तिकडे त्याने रस्ते बांधले की माणसं मारली, मला ठाऊक नाही. पेपरात दोन्ही यायचं. माझं त्याच्याशी भांडण मुंढ्याचं.

वर्षभरात वकिलातीचं पत्र आलं. जनरलसाहेब सरकारी पाहुणे म्हणून लंडनला येणार, समारंभाचा कोट आमच्याच दुकानात व्हावा अशी त्यांची इच्छा. कापड मालकाने कापलं. कच्ची शिलाई वरच्या कोटवाल्याने केली. फिटिंगला मदतनीस लागणार होता. मी वर गेलो आणि म्हणालो, "मी येतो. ते अंग मला ठाऊक आहे."

मालकाने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक."

आधीचे आठ दिवस माझ्या डोक्यात एकच चालू होतं. मुंढ्याला चार कच्चे टाके घातले की झालं. सगळ्या दुनियेच्या कॅमेऱ्यांसमोर तो हात वर करील आणि पुन्हा अस्तर दिसेल. किती गोड होतं ते. पण पुन्हा फाटलं तर कोण वितीने मोजणारा ठरणार? मीच. त्याचं खोटं मी माझ्या हाताने खरं केलं असतं. तो बेत मी सोडला, दया आली म्हणून नाही.

लंडनच्या हॉटेलात तो आरशापुढे उभा राहिला. अंगाने दुप्पट झाला होता. दाराशी दोन बॉडीगार्ड. मला त्याने ओळखलं नाही, नोकराकडे कोण बघतं. मालक खडूने खुणा करत होता, मी टाचण्या लावत होतो. टाचण्या नेहमी आडव्या लावायच्या असतात, कापडातच राहतात. त्या दिवशी मी काखेत उभ्या लावल्या, टोकं अंगाकडे. दोन्हीकडे सहा-सहा.

"हात खाली घेऊ नका साहेब, टाचण्या आहेत."

तो बुजगावण्यासारखा हात पसरून राहिला. मग मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मुंढा फाटला तर माझा, असं कोण म्हणालं होतं?"

मालकाचा खडू थांबला. एक गार्ड पुढे आला.

"त्याला लांब ठेवा साहेब. धक्का लागला तर काखेत जातील."

जनरलने मान हलवली. गार्ड जागीच थांबला. जनरल माझ्याकडे बघत राहिला, आणि मग सांभाळून हसला, छाती न हलवता.

"चहा देणारा. तू अजून इथेच?"

"तळघरात. तुमच्या कृपेने. सांगा मालकांना."

"सांगतो की." मालकाकडे वळताही येईना त्याला, आरशातच बोलला. "हा खरं बोलत होता. मीच आवळायला लावलं."

"मग तेव्हा खोटं का बोललात?" मालकाने विचारलं.

"चूक माझी ठरली असती तर हुद्दा न देता मला घरी परत पाठवलं असतं. हा शिंपी. वर बसला काय, खाली बसला काय." मग माझ्याकडे, "झालं समाधान? काढ आता."

किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं त्याने. अकरा वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते त्याला फुकट पडलं. मी टाचण्या काढल्या, सावकाश, एकेक. एक टोचली. ती चुकून नव्हती.

परतीच्या ट्रेनमध्ये मालकाने खडूचे हात रुमालाला पुसले. मग म्हणाला, "सोमवारी वर ये. हा कोट तूच पुरा कर."

"वर येईन. हा कोट नाही."

"सध्या वर हाच कोट आहे."

"मग मी खाली बरा."

बायको म्हणाली, "हवं ते मिळालं तरी तुम्ही रुसलात. तुम्हाला काय द्यावं माणसाने?" कोट दुसऱ्याने शिवला. फोटो सगळीकडे छापून आला. मी भिंग लावून पाहिला. कॉलर मानेपासून सुतभर सुटली होती. सुतभर, पण सुटली होती.

आणखी काही वर्षं मी पँटी शिवल्या. मग एका संध्याकाळी रेडिओवर ऐकलं. त्याच्याच फौजेतल्या एका तरण्या मेजरने पलटण काढली आणि जनरलला घरातून उचलून कोठडीत टाकलं. आता देश मेजरचा. मी बायकोला शिरा करायला सांगितला. ती म्हणाली, "कुणाच्या पडण्यावर शिरा खातात का?" पण केला.

तीन-चार महिन्यांनी वकिलातीचं पत्र आलं. नव्या साहेबांना समारंभाचा कोट हवा. माप सोबत होतं. मालकाने बोलवायच्या आत मी जिना चढलो.

"हा माझा," म्हणालो.

तो कोट मी सहा आठवडे शिवला. छातीच्या आतला ताठ कॅनव्हास तीनदा उसवून पुन्हा बसवला. कॉलर हाताने वळवली, मशीन जवळ येऊ दिलं नाही. मुंढा असा केला की त्या माणसाने झाडावरचा आंबा तोडला तरी पाठीवर सुरकुती पडू नये. मालकाने कोट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "हं" सुद्धा म्हणाला नाही. आपल्या हाताने पेटीत ठेवला.

फोटो छापून आला तो मी कापून ठेवला. मेजर हात वर करून सलामी घेतोय.

"हा माणूस कसा आहे, ठाऊक तरी आहे का तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग एवढा जीव कशाला ओतलात?"

"त्याने त्याला आत टाकलं म्हणून."

कोठडीत जनरलला पेपर देतात का, हे मी वकिलातीच्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, कल्पना नाही. देत असावेत, अशी माझी इच्छा होती. आणि फोटो मोठा छापलेला असावा.