हजेरीचा कागद

त्या बाईंची सही मीच घेतली. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. चहाचा कप त्यांच्या हातात दिला, पेन पुढे केलं आणि म्हटलं, "ही फक्त हजेरी आहे." मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. या गोष्टीचा राग मला अजून येतो आणि तो आधी माझ्यावर येतो.

आम्हाला कॅनडात, रेजिनाला येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. नवरा सरकारी खात्यात संगणक विभागात होता. मी नागपूरला ग्रंथालयात नोकरी केलेली, इथे दप्तराची मिळतील ती कंत्राटी कामं करत होते. दोन हजार दहानंतरच्या दशकाची मधली वर्षं. पश्चिमेकडचं तेल थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत नेणारी नवी पाइपलाइन टाकायचं घाटत होतं आणि वाटेवरच्या गावांत सभा घ्यायचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालं होतं. या सभांत भाषणं नसतात. हॉलमध्ये नकाशे लावायचे, लोक येतात, बघतात, विचारतात, जातात. त्याला ओपन हाउस म्हणतात. माझ्याकडे दोन कामं होती. जुन्या पाइपलाइनच्या इतिहासाचा एक फलक करायचा आणि दारातलं टेबल सांभाळायचं.

फलकासाठी मी तीन आठवडे अभिलेखागारात बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिली मोठी लाइन याच भागातून गेली, त्या वेळच्या फायली काढल्या. कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांच्या अधिकाऱ्यांची पत्रं मोठी सुरेख होती. पाइप मोठ्या सरोवरांच्या कोणत्या बाजूने न्यायचा, आपल्या हद्दीतून की शेजाऱ्यांच्या, पोलाद कुणाचं घ्यायचं, पुन्हा युद्ध झालं तर तेलाची किल्ली कुणाच्या हाती राहणार. दर दुसऱ्या पानावर 'प्रदेशाचा विकास'. ज्या प्रदेशाचा हा विकास व्हायचा, तिथला एकही माणूस त्या पत्रांत नव्हता. फायलीच्या शेवटी मात्र एक यादी होती. जमीनमालकांची नावं, पुढे सह्या, वर शीर्षक 'संमती'. मी फलकावर लिहिलं, 'स्थानिकांच्या संमतीने विकास', आणि खाली त्या सह्यांच्या यादीचा उल्लेख केला. सह्या समोर होत्या, मग शंका कशाला घ्यायची?

सभा मार्चमध्ये होती, रेजिनापासून दीड तासावरच्या गावात. कंपनीने कॉफी आणि डोनट ठेवले होते. मी घरून दोन मोठे थर्मास भरून आल्याचा चहा नेला. आमचा कोऑर्डिनेटर पुण्याचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान इंजिनियर. थर्मास बघून म्हणाला, "ताई, लग्न आहे का इथे कुणाचं?"

"तुमच्याकडे चहा घेणार का विचारतात," मी म्हटलं, "आमच्याकडे हातात देतात."

आणि तसंच झालं. माणूस आत आला की कप आणि कपामागोमाग पेन. आधीच्या गावांत लोक टेबल चुकवून आत जायचे. इथे सही केल्याशिवाय एकही जण गेला नाही. थंडीतून आलेल्या माणसाच्या हातात गरम चहा ठेवल्यावर तो पेनाला नाही म्हणत नाही. कोऑर्डिनेटर माझ्यावर खूश होता आणि मीही.

त्या बाई ऐंशीच्या आसपासच्या, स्वतः पिकअप ट्रक चालवत आलेल्या. हातात लोणच्याची काचेची बरणी, पाण्याने भरलेली. पेन बघताच त्यांनी हात मागे घेतला आणि हे कशासाठी, असं विचारलं. मी काय उत्तर दिलं ते वर सांगितलंच आहे. त्यांनी सही केली, घोटभर चहा घेतला, साखर फार आहे म्हणाल्या आणि नकाशापाशी गेल्या.

नव्या लाइनची रेघ त्यांचं घर आणि विहीर यांच्या मधून जात होती. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत पाणी खारट, त्यांच्याच विहिरीचं तेवढं गोड. बरणीत तेच पाणी होतं. पाइप फुटला तर जनावरं विकून गाव सोडावं लागेल, रेघ हलवा, असं त्या कोऑर्डिनेटरला वीस मिनिटं सांगत होत्या. तो मान डोलवत होता. लिहीत काहीच नव्हता.

परत जाताना त्या माझ्या फलकापुढे थांबल्या. वाचून झाल्यावर मला जवळ बोलावलं आणि त्या यादीत आपल्या वडिलांचं नाव असेल म्हणाल्या. होतं. मला आडनाव आठवत होतं.

"त्यांनी हो म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मोजणीवाले आले, आईने त्यांना कॉफी दिली. आम्ही येऊन गेलो एवढं लिहून द्या म्हणाले. मी तेरा वर्षांची होते. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसले होते."

मी काय केलं? थर्मास धुतले, नकाशे गुंडाळले आणि घरी आले.

एप्रिलमध्ये अहवाल माझ्याकडे तपासायला आला. परिशिष्टात माझा हजेरीचा कागद होता, नीट टाइप केलेला. आता त्याला शीर्षक होतं, 'सल्लामसलत झालेले जमीनमालक'. बाईंच्या नावापुढे हरकतीच्या रकान्यात 'नाही'.

मी कोऑर्डिनेटरच्या खोलीत गेले. तो म्हणाला, त्यांनी हरकतीचा फॉर्म भरला नाही, तोंडी बोलणं धरत नाहीत. वीस मिनिटं ऐकलंत ना, मी विचारलं. ऐकलं, पण नोंद कुठे आहे, म्हणाला. फॉरमॅट हेड ऑफिसचा. शिवाय त्याची पीआरची, म्हणजे इथल्या कायम रहिवासाची फाइल अडकलेली, त्याला या कंपनीचं पत्र हवं होतं. हेही त्याने सांगून टाकलं.

"फॉरमॅट त्यांचा असेल," मी म्हटलं, "पण 'फक्त हजेरी' हे शब्द माझे आहेत. माझा शब्द तुम्ही खोटा पाडताय."

"मग तेव्हाच फॉर्म द्यायचा होतात, ताई. त्यांच्या हातात तर तुमचा चहा होता."

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. पण त्याने रकान्यातलं 'नाही' खरं होत नव्हतं.

हरकतींची मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी रजा टाकून मी त्यांच्या शेतावर गेले. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, हे मला सगळ्यात झोंबलं. मी बॅगेतून फॉर्म काढला आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला.

"माझी हरकत मी लिहीन. तुम्ही काय केलंत ते तुम्ही लिहा."

मग स्वयंपाकघरातल्या त्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसून लिहिलं. त्यांनी विहिरीबद्दल. मी लिहिलं की ही सही हजेरी म्हणून सांगून मी घेतली, या बाई हरकत घ्यायलाच आल्या होत्या आणि त्या यादीतल्या कुणालाही मी दुसरं काही सांगितलेलं नाही. दोन्ही कागद पाइपलाइनला परवानगी देणाऱ्या नियामक मंडळाकडे कुरियरने पाठवले, पोच मागवली, एक प्रत ऑफिसात दिली. फलकावरचं वाक्य काढा असंही सांगितलं. नवा छापायला वेळ नाही म्हणाले. माझं कंत्राट वाढवायला मात्र नकार द्यायला त्यांना वेळ मिळाला.

पुढे ती पाइपलाइन रद्दच झाली. तेलाचे भाव पडले होते, दूरच्या राजधान्यांत कुणाचं कुणाशी जमलं नाही. आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणात एकजण हळहळला, प्रदेशाचा विकास बुडाला म्हणून. दुसरा म्हणाला, सुटली ना तुमची बाई, मग उगाच नोकरी कशाला घालवली. मी त्याला विचारलं, विहिरीमुळे रद्द झाली का? कुणी तो कागद वाचला तरी का? उद्या भाव चढले की हीच फाइल उघडतील आणि यादीवर सह्या आहेतच.

रद्द झाल्याची बातमी आली त्या आठवड्यात बाईंचा फोन आला. विहीर ठीक होती. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

"आपले कागद आहेत का तिथे अजून?"

मी मंडळाच्या संकेतस्थळावर तेच पाहून घेतलं होतं. आहेत म्हटलं, दोन्ही, यादीच्या लगेच मागे.

"वडिलांच्या यादीमागे काही नव्हतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.