अण्णांची बाजू मांडायला निघालेल्या अक्का

आमच्या अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, कुणाला घाबरत नाहीत अशी त्यांची ख्याती. जन्मभर तिरल्याच्या शाळेत गणित शिकवलं. धार-तिरला बसमध्ये मुलींची छेड काढणाऱ्या पोरांना त्यांनी भर रस्त्यात उतरवलं होतं, आणि ड्रायव्हरची बस पुढे न्यायची हिंमत झाली नव्हती. लग्नानंतर मलाही त्यांची धडकी भरायची, आता फक्त सणावारी भरते. अशा बाईला यंदा मी घाबरलेलं पाहिलं, आणि ती भीती मलाही चिकटली.

अक्कांच्या आयुष्यात देवाखालोखाल एकच माणूस, अण्णा. देवासला त्यांनी गरीब मराठी मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. माझे सासरे अचानक गेले तेव्हा मयुरेश, माझा नवरा, अकरा वर्षांचा होता. अण्णा स्वतः धारला आले आणि म्हणाले, "मुलगा माझ्याकडे द्या, नोकरी सोडू नका." अक्कांनी मुलगा दिला. तो शिकला, बँकेत लागला. तेव्हापासून अण्णांचा फोटो आमच्या देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही घ्यायचं, देवाला नमस्कार करायचा आणि मग अण्णांना. मी नवी होते तेव्हा अण्णा हयात होते. जिवंत माणसाला देवघरात ठेवतात का, असं मी एकदा विचारलं. त्यावर अक्कांनी माझ्याशी अबोला धरला.

काही वर्षांपूर्वी अण्णा वारले. यंदा बागलीच्या रणवीर नावाच्या माणसाने पोलिसांत तक्रार दिली. वसतिगृहाचा अधीक्षक मुलांना आपल्या खोलीत बोलवायचा आणि त्यांच्याशी नको ते करायचा. मग आणखी काही जण पुढे आले, सगळे आता पोराबाळांचे बाप. अधीक्षकाला अटक झाली. रणवीरचं म्हणणं एवढंच नव्हतं. मुलांनी अण्णांना सांगितलं होतं आणि अण्णांनी ते दाबलं, असंही तो म्हणाला.

धारला आमच्या मराठी समाजाच्या सभागृहावर अण्णांच्या नावाची पाटी आहे. ती ठेवायची की काढायची यावर भांडणं लागली आणि रविवारची बैठक ठरली. अध्यक्ष उदाजीराव लगेच आमच्या घरी आले.

"अक्का, तुम्हीच बोला. बाकी लोक तर फालतू बडबड करतात," ते म्हणाले. "करणारा जेलमध्ये गेला. अण्णांचा यात काय कसूर? मेलेला माणूस उत्तर तर देणार नाही ना."

"बोलेन की," अक्का म्हणाल्या. "अण्णांचं मीठ खाल्लंय आम्ही."

मयुरेश तिथेच चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि गाडी धुवायला निघून गेला. गाडी त्याने सकाळीच धुतली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. रणवीर आणि मयुरेश एकाच वर्गात होते, हे अक्कांना ठाऊक होतं आणि मलाही. शिवाय मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मयुरेशला झोपताना खोलीचं दार लावलेलं चालत नाही. लग्नानंतर मांडूच्या हॉटेलातसुद्धा त्याने दार किलकिलं ठेवलं होतं, आणि मी लाजेने आणि रागाने रडले होते. पुढे मी त्याला चिडवायचे, तुला पहारेकरी व्हायचं होतं का म्हणून. आता ते आठवलं की मी रात्री उठून दार आणखी थोडं उघडून ठेवायचे.

अक्का जेवताना त्याच्याकडे बघत राहायच्या. "मयुरेश," अशी हाक मारायच्या, तो वर बघायचा, आणि मग म्हणायच्या, "लोणचं घेतोस?" त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने वर्षभराचं लोणचं खाल्लं असेल.

एका दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि मी निवडत असलेली मेथी उगाचच परत निवडू लागल्या.

"ऋजुता, तो तुला काही बोललाय का गं?"

"कशाबद्दल?" मी विचारलं. कशाबद्दल ते मला चांगलं कळलं होतं, पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायची भीती वाटत होती.

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रविवारी सकाळी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाल्या. मयुरेश आम्हाला गाडीने नेणार होता. मी दोघांच्या हातावर दही घातलं. अक्कांनी देवाला हात जोडले आणि नेहमीच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "मयुरेश, अण्णांना नमस्कार कर."

बोलल्या आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण तोवर मयुरेश वाकला होता. कानाशी केस पिकलेला माणूस, पण वाकताना खांदे वर ओढलेले, डोळे गच्च मिटलेले, आता थप्पड बसणार असं वाटणाऱ्या मुलासारखा. इतकी वर्षं तो आमच्या समोर असाच वाकत आला असेल. आम्ही कधी नीट बघितलंच नव्हतं.

"उठ," अक्का म्हणाल्या. "तुलाही?"

मयुरेशने रुमालाने हात पुसला. बराच वेळ पुसला.

"अक्का, मी तुला सांगितलं होतं ना."

"कधी?"

"पहिल्या दिवाळीला. परत नाही जायचं म्हटलं होतं, सर त्रास देतात म्हटलं होतं. तू म्हणालीस, अण्णांना सांग, ते बघतील."

"मग?"

"सांगितलं. सगळं सांगितलं."

"अण्णा काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी आई एकटी बाई आहे. हे तिला कळलं तर ती जीव देईल, मग तुझं कोण?" तो फोटोकडे न बघता बोलत होता. "म्हणून मी दर वेळी नमस्कार करायचो. तुला काही संशय येऊ नये म्हणून."

मला तो फोटो भिंतीवर फेकून मारावासा वाटला. अक्का देवघरापुढे खाली बसल्या. त्यांच्या जिवाच्या धास्तीने त्यांचं पोर इतकी वर्षं तोंड मिटून जगलं होतं. थोड्या वेळाने त्या माझा हात धरून उठल्या आणि म्हणाल्या, "चला, लोक वाट बघत असतील."

गाडीत त्यांनी एकदाच विचारलं, "मी काय बोलू रे?"

"जे बोलायचं ते बोल," मयुरेश म्हणाला. "फक्त माझं नाव घेऊ नको. बँकेत रोज त्याच लोकांना तोंड दाखवायचंय."

सभागृह भरलं होतं. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत बसलो. उदाजीरावांनी अक्कांना मोठ्या मानाने माईकपाशी नेलं.

"अण्णांनी माझं घर सावरलं," अक्का म्हणाल्या. "ते खोटं नाही, आणि ते मी विसरणार नाही. पण मुलांनी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी त्या मुलांना गप्प बसवलं. त्यामुळे पुढच्या मुलांवरही तीच वेळ आली. रणवीर खरं बोलतोय. पाटी काढा."

मग उदाजीराव उठले. "पर अक्का, हे तुम्हाला कसं माहीत? कुणी सांगितलं?"

उत्तर देताना अक्का अडल्या, असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या छताकडे बघत राहिल्या, मग माईककडे, मग स्वतःच्या पायांकडे. सगळीकडे बघितलं, फक्त आमच्याकडे बघितलं नाही, आणि तेच लोकांच्या लक्षात आलं. पुढच्या रांगेतलं एक डोकं मागे वळलं. मग दुसरं वळलं, मग सगळीच वळू लागली. मयुरेशने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तो आता दाराकडे पळेल आणि पुन्हा कधी घरी येणार नाही, अशी भीती मला वाटली.

तो उभा राहिला. समोरची खुर्ची त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"उनको मैंने बताया है, भिया," तो उदाजीरावांना म्हणाला. "और अण्णा को भी मैंने ही बताया था."