मित्राचं कर्ज

माह्या शहाणपणाची गोष्ट ऐकायची असंन तर चहा आधी संपवून घ्या. मंग ठसका लागला तर माह्यावर येऊ नका.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. भंडाऱ्याहून येऊन मी स्टोअरात कारकून लागलो होतो. बाप आजारी पडला, म्हणून दुर्गच्या एका शेठकडून व्याजानं पैसे काढले. पगाराच्या दिवशी शेठ गेटासमोर सायकल टेकवून उभा. बोलत काही नसे, नुसता हसे. त्याले व्याज देऊन घरी पोचलो का बायको विचारे, "नोकरी तुमी करता का त्याच्यासाठी करता?"

शेवटी तिनंच मले वेलफेअरच्या साहेबाकडं धाडलं. सावकाराच्या तावडीतून सोडवायले ते कामगारांच्या सोसायटीतून कमी व्याजाचं कर्ज देत. आता सरळ सांगावं का नाही? पण कारकुनाची इज्जत आडवी आली. म्हनलं, "साहेब, माह्या एका मित्रावर कर्ज आहे."

साहेब गहिवरले. "दुसऱ्यासाठी कोण एवढं धावतं? उद्या घेऊन या त्यांना."

आता मित्र कुठून आणू? आमच्याच खात्यातल्या डोमाजीले गाठलं. त्यालेही खरं सांगायची लाज वाटली. म्हनलं, "कर्जासाठी साहेबाकडं जायचं आहे. तू मान खाली घालून बस, बाकी मी पाहतो." पैसे हातात आल्यावर समजावून सांगू, असा माहा हिशेब.

डोमाजी बसला आणि रडलाच. घरात दाणा नाही, बायकोच्या गळ्यातली पोत गहाण. काय नाटक करून राहिला गडी, म्हणून मी मनातल्या मनात खूश. जामीनदार म्हणून ऐटीत सही केली.

पैसे घेऊन डोमाजी निघाला तो थेट गेटाकडं. पगाराचाच दिवस, शेठ उभाच होता. डोमाजीनं सारी रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

"अबे, हे काय करून राहिला?" मी म्हनलं.

"फेडून राहिलो ना," तो म्हणाला. "पण तुले कसं कळलं गा, का मी ह्याच्या कर्जात आहो? मी तं कोणाले बोललो नव्हतो. देवासारखा आला तू." आणि भर रस्त्यात माह्या पाया पडला. आता अशा माणसाजवळून पैसे कसे मागता?

दुसऱ्या दिवशी साहेबाले सारं कबूल केलं. साहेबानं कर्जाचा कागद काढून माह्या सहीवर बोट ठेवलं.

"काल बोलले असते तर तुमचंच मंजूर केलं असतं," ते म्हणाले. "आता तुम्ही जामीनदार. त्यांचं फिटेपर्यंत तुम्हाला कर्ज मिळत नाही."

घरी आलो. बायको दारातच उभी होती. "सुटले का मंग शेठच्या हातून?"

म्हनलं, "सुटला. डोमाजी."