सातबाऱ्याखालचा कागद

२००८ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि माझी धाकटी लेक नववीत होती. आमच्या आणे गावाहून रोजचं जाणं-येणं जमायचं नाही, म्हणून तिला जुन्नरला माझ्या धाकट्या भावाकडं, तिच्या नानाकडं, ठेवली होती. भाऊ तिथं ऑफिसात कारकून.

मी तिसरी नापास. पण सही येते. अंगठा मी कधी कुठं दिला नाही. सहामाही झाली की प्रगतिपुस्तकावर सही करायला मी यष्टीनं जुन्नरला जायचो. नवी टोपी, धुतलेलं धोतर. बाई पुस्तक पुढं सरकवायच्या आणि मी पूर्ण नाव लिहायचो, आडनावासकट, एक काना न सोडता. मागं पालकांची रांग ताटकळायची. ताटकळू दे. भावानं पोरीला जेवू घालावं, सही बापाची.

त्या वर्षी शाळेनं सगळं कॉम्प्युटरवर नेलं. मार्क, हजेरी, सूचना, सगळं. पालकांसाठी घरोघर एक कागद आला, त्यावर इंग्रजीत पासवर्ड. कॉम्प्युटर भावाच्या घरात, म्हणून लेकीनं कागद त्याच्याकडं दिला. माझी सही बंद झाली.

मग भावाचे फोन सुरू झाले. "दादा, पोरीला गणितात एकोणऐंशी पडलं बरं का." माझ्या लेकीचं मला हा सांगणार! गावी आला की पारावरची माणसं पोरगी कशी शिकती ते त्यालाच विचारायची, आणि तो विषयवार मार्क सांगायचा. मी शेजारीच बसलेला. कांद्याला पाणी धरतानासुद्धा मला तेच सलत असायचं.

दिवाळीनंतर त्याच्या घरी गेलो, तर तो कागद कॉम्प्युटरशेजारी पडलेला. मी उचलला, खिशात घातला आणि घरी आणून पेटीत सातबाऱ्याखाली ठेवला. आमच्यात जमिनीचे कागद ज्याच्या पेटीत, शब्द त्याचा चालतो. म्हटलं, आता कसा बघतो ते बघू.

पासवर्डात आठ-दहा अक्षरं-आकडे होते, त्यालाही पाठ नव्हते. कागद दिसला का, म्हणून त्यानं फोनवर विचारलं. मी नाही म्हणालो. सवड झाली की शाळेतून नवा आणतो, म्हणाला. ऑफिसच्या कामात सवड काही झाली नाही. मार्कांचे फोन थांबले. महिनाभर मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच महिन्यात लेक तापानं चार दिवस शाळेत गेली नाही, भावाच्या घरीच पडून होती. तेवढ्यात पुण्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तिचं नाव निघालं. पालकांनी होकार कळवावा, अशी सूचना कॉम्प्युटरवर आली. ती कुणी बघितलीच नाही. मुदत गेली आणि दुसरी मुलगी गेली. लेकीनं सायकलचा डायनामो लावून पवनचक्की केली होती, ती भावाच्या माळ्यावर पडली.

शनिवारी ती गावी आली. जेवताना मी शाळेवर तोंड सोडलं. पूर्वी माणसाला बोलवायचे, समोर बसवून विचारायचे, आता यंत्राला विचारतात, असं बरंच काही बोललो. ती खाली मान घालून भाकरी मोडत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"आबा, कागद पेटीत हाये. सातबाऱ्याखाली. मागच्या खेपेलाच बघितला मी."

"मग नानाला का नाय सांगितलंस?"

"तुमी त्यांना नाय म्हणला व्हता. मी कसं सांगू?"

ती ताट उचलून मोरीकडं गेली. तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरीची टोपली उचलून आत नेली. मी उठून पेटीतनं कागद काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या पहिल्या यष्टीनं लेकीला घेऊन जुन्नरला गेलो. भाऊ चहा पीत होता. मी खिशातनं कागद काढला आणि माझ्याकडंच होता म्हणून सांगितलं. त्यानं हात पुढं केला. मी कागद दिला नाही. म्हणालो, "खुर्ची दे."

कॉम्प्युटरपुढं बसलो, कागद मांडीवर. लेक दाखवील ते अक्षर मी माझ्या बोटानं दाबलं, एकेक. तीनदा चुकलं. चौथ्यांदा उघडलं, आणि तोवर भाऊ कप हातात धरून मागं ताटकळत उभा होता.