शून्य नंबरचा चष्मा

"मोठी डॉक्टर मीच. बसा."

हे वाक्य आमच्या बाई दिवसातून दहा वेळा म्हणत. पेशंट आत डोकावायचा, खुर्चीतली सव्वीस वर्षांची, चणीने लहान मुलगी बघायचा आणि विचारायचा, "मोठे डॉक्टर कधी येणार?" बाई न चिडता स्टुलाकडे बोट दाखवायच्या. निम्मे बसायचे. निम्मे नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जायचे. त्यांना टक्कल होतं.

ऐंशीच्या दशकातली मुलुंडची गोष्ट. खाली दवाखाना, वर बाईंची खोली, आणि मी कंपाउंडर. असा दवाखाना तुम्हीही पाहिला असेल, पण इतका रिकामा नसेल. सहा महिन्यांनी बाईंनी स्वतःच इलाज काढला. कांजी केलेली सुती साडी, घट्ट अंबाडा आणि जाड काळ्या फ्रेमचा शून्य नंबरचा चष्मा.

"कशी दिसते रे?"

"चाळिशीच्या दिसताय."

"झकास!"

हे ऐकून खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. रोज सकाळी तो चष्मा पुसून टेबलावर ठेवणं हे माझं पहिलं काम झालं. पेशंट वाढले, पण मला ते मनातून पटत नव्हतं. एवढी हुशार बाई, आणि मान चष्म्याला!

एका सकाळी मी चष्मा पुसत असतानाच बाजूच्या चाळीतून किंकाळी आली. तसाच धावलो. दोन वर्षांच्या पोराच्या घशात चिंचोका अडकला होता, ओठ निळे पडत होते. बाई माझ्याआधी पोचल्या होत्या; पण अंगात गाऊन, डोक्याला तेल चोपडलेलं, केस मोकळे. पोराच्या आजीने त्याला छातीशी आवळून धरलं होतं. आदल्याच आठवड्यात ती बाईंच्या औषधाने बरी झालेली. तरी ओरडत होती, "गो बाये, तू बाजूक हो! डॉक्टरीणबाईंक बोलवा कोणीतरी!"

"अहो आजी, मीच ती! द्या त्याला!"

कोण ऐकतंय? बाईंना असं गयावया करताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मी गर्दीत घुसलो आणि चष्मा त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. आजीचे हात सैल झाले.

"बघ गो माझ्या नातवाक!"

बाईंनी पोराला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवर थापा मारल्या. चौथ्या थापेला चिंचोका फरशीवर पडला आणि पोराने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

परत येताना बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकले मी, आणि पास झाला चष्मा." आणि हसल्या. त्यानंतर मी चष्म्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. दवाखाना त्यांची भाची बघते. हुशार आहे, आणि तशीच लहानखुरी. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ डोकावले, "मोठ्या डॉक्टर कधी येणार?" पोरीचा चेहरा उतरला. मी ड्रॉवर उघडला, बाईंचा तो जुना चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"काका, मला नंबर नाही."

"त्यालाही नाही," मी म्हटलं. "घाल."