ईदचा बोकड

हसनाबादच्या झुंबरबाईचा सारा जन्म शेळ्यांमागं गेला. तिच्या दावणीला एक काळा बोकड होता. खुजा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. दुष्काळात तिळ्यांतला शेवटचा जन्मलेला. आईचं दूध वाट्याला आलंच नाही, मग वाढणार कशानं? पण त्याची करडं गावच्या माळावरच चरून अशी भरायची, की शेजारपाजारचे आपल्या शेळ्या फळवायला तिच्याच दारी आणायचे.

मुलगा गोरक्षनाथ याला मात्र त्या खुज्याची लाज वाटे. बकरी ईद सरली आणि भोकरदनच्या बाजारात न विकला गेलेला एक धिप्पाड बोकड त्याच्या डोळ्यांत भरला. वर्षभर जागेवर बांधून मका-हरभरा चारलेला, कापायला फुगवलेला माल! या शहाण्यानं तो पैदाशीला आणला, आणि त्याच फेरीत काळ्याला कसायाच्या हवाली केलं. आईला विचारायची गरज काय?

झुंबरबाईनं नव्याच्या पाठीवरून हात फिरवला. "गोरख्या, हे अंग खुराकाचं हाय, रक्ताचं न्हाई."

"डोळ्याला दिसतं ते बी खोटं का, माय?"

"तू केवढा, अन् तुझी लेक आकांक्षा केवढी उंच? तू दुष्काळात वाढला म्हणून खुजा राह्यला. मंग तुला बी कसायाला द्यायचं होतं का?"

सून अंजू पदराआड हसली. गोरक्षनाथ जेवणावरून उठला.

माळाच्या कुसळांवर ईदचा नवाब बघता बघता निम्मा झाला. त्याची करडं निपजली ती किरकोळ, वाढता वाढेनात. तर गोरक्षनाथ म्हणे, खोट शेळ्यांतच. सगळ्या विकू, नव्या आणू. गावानंही माना डोलावल्या. याच शेळ्यांनी काळ्याची करडं दिली होती, हे सांगून सांगून झुंबरबाईचा घसा बसला.

काळ्याचं एकच नर करडू उरलं होतं. आईचं एक थान आटलेलं, म्हणून तेही हडकुळंच. ते विकलं जायच्या आत काखेत मारून ती केदारखेड्याला धाकट्या बहिणीकडं गेली, पैदाशीला सांभाळ म्हणाली.

वच्छलाबाईनं करडू उलटंपालटं करून पाहिलं. "अक्का, असल्या बारक्याकडं शेळी कोण आणणार?"

झुंबरबाईला वाटलं, सख्खी बहीणही तसलीच.

"मका चार त्याला," ती वैतागून म्हणाली. "फुगव चांगला. मंग दिसंल समद्यांना रक्त."