पोर्तुगीज वाचणारा कारकून

गोवामुक्तीनंतर न्यायखाते लिस्बनहून दिल्लीला गेले, पण आमच्या डिचोलीच्या कोर्टात जुने पोर्तुगीज कागद वाचणारा कारकून एकच होता. तो येरझाऱ्या घालतच वाचायचा. "मी फकत वाचतंय, सल्लो देत नाय," हे त्याचे पालुपद.

एकदा नार्वे गावची एक विधवा दिरासोबत घरावरचा हक्क सोडायला आली. घराचा जुना पोर्तुगीज कागद वाचताना हा तीनदा अडखळला, मग तिला म्हणाला, "बाय, अंगठो दिव नको. कायद्यान अर्धां घर तुझां आसा."

ती अंगठा न देताच गेली. कागद खोटा वाचला, अशी दिराने तक्रार केली. साहेबांनी मला विचारले. मी समोरच्याच टेबलावर कामाला होतो, तरी "माझे लक्ष नव्हते" म्हणालो.

त्याची बदली झाली. तो निघताना मी नजर चुकवली. तोच जवळ येऊन म्हणाला, "बाय घरातच रवली मां? मगे पुरे."